डबीतलं शिळं पाणी

निम्मी भांडी घासून झाली होती, निम्मी अजून सिंकमध्येच होती. तेवढ्यात आठवलं, देवाजवळच्या फुलदाणीतलं पाणी बदलायचं राहिलं. ते मी रोज बदलते. शिळं पाणी मला घरात खपतच नाही. ते बदललं आणि त्याच झपाट्यात बेसिनच्या आरशाखाली ठेवलेली धाकट्या जावेची डबीही उघडली. डाव्या-उजव्या डोळ्याची दोन झाकणं, आत पाण्यात बुडालेल्या तिच्या लेन्स. रात्रीचं पाणी ओतून दिलं आणि उकळून गार केलेलं पिण्याचं पाणी भरलं. आज तिचा मोठा दिवस, म्हटलं आपलाही तेवढाच हातभार.

धाकटी आठ वर्षं पावाच्या कारखान्यात पीठ मळते आहे. भट्टीवरचे जुने कारागीर, ज्यांना सगळे काका म्हणतात, महिनाअखेर निवृत्त होणार. त्यांची जागा तिला हवी. पण भट्टीचं दार उघडलं की वाफेने चष्मा पांढरा होतो. त्या आंधळेपणात दोन वर्षांपूर्वी तिचं मनगट भाजलं, तेव्हापासून लेन्स. भावजींनी टोमणा मारला होता की डोळ्यांत काचा घालून कोणी पाव भाजतं का. ती म्हणाली, "भाजणारी मी. तुम्ही चहात बुडवायचं बघा."

तिची शिस्त मी रोज पाहते. साबणाने हात धुवायचे, खडखडीत कोरडे करायचे, मगच डबीला बोट. नुसती डुलकी काढायची असली तरी लेन्स आधी काढायच्या. मी चिडवायचे, माझ्या देवघराहून तुझ्या डबीचं सोवळं कडक. पण त्या डबीत नेमकं काय भरतात, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

दुपारच्या पाळीला काका तिला भट्टीवर उभी करून बघणार होते. ती हात पुसत असताना मी मोठ्या कौतुकाने सांगितलं, डबीतलं शिळं पाणी टाकून ताजं भरलंय. तिचा हात टॉवेलवरच थांबला.

"ताई, ते पाणी नव्हतं. लेन्सचं सोल्यूशन होतं."

मी म्हटलं, अगं, उकळलेलंच भरलंय, आपण पितो तेच.

"पोट पचवतं, डोळा नाही पचवत. नळाचं असो की उकळलेलं, लेन्सला पाणी लागता कामा नये. त्यातला एखादा जंतू लेन्सखाली अडकला की बुबुळाला जखम."

मी तरी म्हटलंच, आजचा दिवस घाल, उद्या फेकून दे. आता लिहितानाही त्याची लाज वाटते. तिने डबीसकट लेन्स कचऱ्यात टाकल्या. ती शेवटची जोडी होती. पुढची दुकानात उद्या येणार होती.

"एका पाळीसाठी डोळा पणाला लावू? मग भट्टी राहू दे, पीठही दिसायचं नाही." चष्मा पुसून चढवला आणि निघाली.

मी देवापुढे बसले, पण मागू कोणत्या तोंडाने? उठले आणि उरलेली भांडी घासली.

संध्याकाळी आली ती मनगटापर्यंत पिठाने माखलेली. पहिल्याच खेपेला चष्मा पांढरा झाला. वाफ विरेपर्यंत दार उघडं ठेवून थांबली, तर भट्टी थंड करतेस म्हणून काका करवादले. एका ट्रेच्या कडा करपल्या. मग तिने डोळ्यांचा नादच सोडला. दार किलकिलं करून तोंड बाजूला वळवायचं, वास घ्यायचा, जाड हातमोज्याने एक पाव बाहेर ओढून त्याच्या बुडावर टिचकी मारायची. पोकळ वाजला तर झाला. पुढचे सगळे ट्रे नीट उतरले.

काकांनी लेन्सचं विचारलं तेव्हा तिने माझं नाव घेतलं नाही, डबीत पाणी गेलं एवढंच सांगितलं. ते म्हणाले, कान आणि नाक पास, डोळे उद्या बघू. तिने तिथल्या तिथे बजावलं की उद्या नवी जोडी हातात पडली तर ठीक, नाहीतर उद्याही चष्माच. काका हसले म्हणे, आणि हसले तरी हो म्हणाले.

आरशाखाली मी चिठ्ठी चिकटवली आहे: इथे पाणी नाही. भावजी वाचून म्हणाले, मग आम्ही तोंड कुठे धुवायचं?

उद्या सकाळी दुकान उघडलं की चष्मेवाल्याकडे जायचं आहे. लेन्सची जोडी ती घेईल, नवी डबी आणि सोल्यूशनची बाटली मी.