किल्लेदाराला मारायचं की आपल्यात घ्यायचं

दर दुसऱ्या रविवारी आम्ही नवरा-बायको सकाळच्या गाडीनं अमरावतीहून अकोल्याला जायचो, ते लढाई करायला. ही गोष्ट मी कॉलेजात कुणाला कळू दिली नव्हती. वय त्रेपन्न, गॅसचं सिलिंडर सरकवलं तरी कंबरेत चमक भरते, आणि हा माणूस तलवार चालवायला शंभर किलोमीटर जातो, हे स्टाफरूममध्ये कोणत्या तोंडानं सांगणार? मी "तिकडे जरा काम असतं" एवढंच म्हणायचो. सहकाऱ्यांनी मी अकोल्यात प्लॉट घेतोय असा अंदाज बांधला होता. तो मी खोडून काढला नाही, कारण प्लॉटमुळे माझी इज्जत वाढत होती.

खेळ साधा आहे. एक जण गोष्ट सांगतो. गावं, नद्या, चोर, राक्षस, सगळं त्याच्या ताब्यात. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं आणि आपलं पात्र आता काय करतं ते सांगायचं. ते जमलं की फसलं, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. मोठा आकडा पडला तर जमलं, लहान पडला तर फजिती. आमच्यात गोष्ट सांगणारा होता माझा कॉलेजपासूनचा मित्र. मोर्णा नदीच्या पलीकडे, जुन्या शहरात त्याचं चष्म्याचं दुकान, आणि दुकानावरच घर. बायको गेल्यापासून त्या घरात तो एकटाच होता, मुलगी लग्न होऊन हैदराबादला. त्याचं मन रमावं म्हणून मीच त्याला या खेळाच्या नादी लावलं होतं. "माझं काय गं, मी त्याच्यासाठी जातो," असं मी बायकोला दर वेळी बडनेरा स्टेशनवर गाडीत बसताना सांगायचो. ती डब्यातल्या गिला वड्यांचं दही सांडू नये म्हणून डबा मांडीवर घट्ट धरायची.

बायको पोस्टात काउंटरवर बसते. नवरा रविवारी नेमका जातो कुठे हे बघायला ती पहिल्यांदा आली आणि मग राहिलीच. तिनं वैदूबाईचं पात्र घेतलं. चौथा गडी बाळापूरचा, त्याचं कृषी केंद्र आहे. आठवडाभर कीटकनाशकं विकत असल्यामुळे समोर कुणीही आलं की त्याचा पहिला प्रश्न, "मारायचं ना?" तो तिरंदाज होता. मी सात फुटी योद्धा. नियमाप्रमाणे पात्राचे गुण ठरवताना मी ताकद अठरा घेतली आणि अक्कल आठ. ती आठची भूमिका तुम्हाला मुळीच जड जात नाही, असं बायको म्हणते.

आमचा शत्रू होता किल्लेदार. दोन नद्यांच्या मधल्या किल्ल्यात बसून त्यानं खालच्या गावांचं पाणी अडवलं होतं. किल्ला सरळसरळ बाळापूरचाच उचललेला होता, त्यामुळे कृषी केंद्रवाला मधूनच "भाई, तिकून दरवाजा नाही" म्हणून खेळ थांबवायचा. तिसऱ्याच बैठकीत किल्लेदारानं माझा घोडा मारला. तेव्हा मी खुर्चीवर उभा राहून शपथ घेतली होती की, या माणसाचं मुंडकं उडवल्याशिवाय मी पगडी घालणार नाही. योद्ध्याला पगडी होती की नाही हे आम्ही ठरवलंच नव्हतं. पण पुढची दोन वर्षं मी दर बैठकीत एकदा तरी ती शपथ सगळ्यांना ऐकवली.

मग एका रविवारी कागद मांडता मांडता मित्र म्हणाला, "आता पोरगी लयच बोलावून राहिली. दुकान भावाच्या पोराले देतो. किल्लेदाराचं एकदाचं निपटवू, मंग मी चाललो हैदराबादले."

सगळे म्हणाले, छान झालं, बरं झालं. सगळ्यांत मोठ्यानं मी म्हणालो. परतीच्या गाडीत मात्र मला काही सुचेना. हा गेला तर रविवारी मी काय करणार? पेपर तपासणार, बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालणार आणि संध्याकाळी कुणाच्या तरी वास्तुशांतीला जाऊन येणार. आणि मग मला नियमांच्या पुस्तकातलं एक पान आठवलं. शत्रूला मारलंच पाहिजे असं नाही, त्याचं मन वळवून त्याला आपल्या टोळीत घेता येतं. किल्लेदार मेला नाही तर गोष्ट संपत नाही. गोष्ट संपली नाही तर मित्र जात नाही. मूर्तिजापूर येईपर्यंत मला करुणेचा साक्षात्कार झाला होता.

पुढच्या वेळी मी सगळ्यांना समजावून सांगितलं की सूड ही हलकी भावना आहे. माणूस जन्मानं वाईट नसतो. त्याला संधी दिली पाहिजे. दोन वर्षं मुंडकं मुंडकं करणारा माणूस असं बोलायला लागल्यावर कृषी केंद्रवाल्यानं माझ्या कपाळाला हातच लावला.

"सर, बुखार-गिखार नाही ना तुमाले?"

"हा तात्त्विक प्रश्न आहे," मी म्हणालो.

"कायचा तात्त्विक? त्यानं तुमचा घोडा मारला. दोन वर्स ऐकून राहिलो आमी त्या घोड्याचं."

मित्रानं चष्मा पुसला आणि दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. गिऱ्हाइकाला भिंगं बदलून "हे बरं, का ते बरं?" विचारताना तो असाच बघतो. म्हणाला, "ठरवा तुमी. लढा, नाही तं सोबत घ्या. पन आज ठरवा."

शेवटी तडजोड निघाली. किल्लेदाराला बोलणी करायला आमच्या तळावर बोलवायचं. मी त्याच्याशी बोलणार. तो ऐकला तर ठीक, नाही ऐकला तर चिंचेवर लपलेला तिरंदाज बाण सोडणार. मी माझं भाषण लिहून आणलं होतं, तीन पानं, समासासकट.

मित्र खुर्चीत ताठ बसला. आवाज जड करून म्हणाला, "आलो मी एकटा. बोला."

मी पानं काढली, घसा साफ केला. तेवढ्यात बायको म्हणाली, "ते जेवून आलेत का?"

कुणाला काही समजलं नाही.

"किल्लेदार हो. जेवले का ते?"

मित्रानं समोरचे कागद उलटेपालटे केले. सापळे होते, तटबंदीचे नकाशे होते, किल्लेदाराच्या अंगावरच्या चिलखताचा जाडपणासुद्धा लिहिलेला होता. जेवणाचं कुठेच काही नव्हतं. तो खऱ्या आवाजात म्हणाला, "नाही जेवला, भाभी. सकायपासून घोड्यावर आहे."

"मग आधी बसवा त्यांना. बोलणी काय पळून चालली का?"

आणि तिनं त्याला वाढायला घेतलं. रोडगे, वरण, वांग्याची भाजी. तिनं एकेक पदार्थ तोंडानं सांगितला, आणि मित्रानंही पानावर वाकून एकेक घास खाल्ला. तिनं तिसरा रोडगा घ्यायचा आग्रह केला. त्यानं पानावर आडवा हात धरला. तिनं तरी वाढलाच. वरून तूप सोडलं. मी भाषणाची पानं हातात घेऊन उभा, आणि दोन वर्षांचा आमचा वैरी "बस, बस, लय झालं" म्हणत ढेकर देत होता.

कृषी केंद्रवाल्यानं हातातला फासा खाली ठेवला. "झालं कल्यान. मी उतरतो चिंचेवरून."

"का?" मी विचारलं.

"काहून म्हनजे? जेवला ना तो आपल्या इथं! आता त्याले बान मारू काय?"

पुस्तकात असा नियम नाही, हे त्याला सांगण्यात अर्थ नव्हता. माझ्या मनात तर फटाके फुटत होते. आयतीच वाट मोकळी झाली होती. मी भाषण वाचलं. तीनही पानं वाचली. पश्चात्ताप, नवी सुरुवात, एकत्र चालायची लांब वाट, सगळं आलं. लांब वाटेवर मी जरा जास्तच जोर दिला.

मित्र शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "किल्लेदार विचार करून राहिला. तवर चहा ठेवतो." आणि उठून आत गेला.

कप आणायला मी मागोमाग स्वयंपाकघरात गेलो. कपाट रिकामं होतं. ओट्यावर चार कप आणि एक पातेलं, बाकी सगळं भिंतीशी खोक्यांमध्ये, सुतळीनं बांधलेलं. सुतळीवर धूळ बसली होती.

"कधी बांधलं हे?"

"दिवाईच्या आंधी." त्यानं पातेल्यात साखर टाकली. "पोरगी दर हप्त्याले इचारते, अब्बा, मेला का तुमचा किल्लेदार? मी म्हनतो, मरतेच आता. नात चालाले लागली. मी फोनवर पायतो तिले चालताना."

"मग गेला का नाहीस?"

त्यानं गॅस बारीक केला. "तुह्यासाठी थांबलो ना यार. भाभीनं सांगतलं मले, एखादा रविवार हुकला तं तू दोन दिवस घरात बोलत नाहीस म्हनून. म्हटलं, याले हळूहळू सोडू. तं तू आता त्या किल्लेदाराले मरूच देऊन नाही राहिला."

मला लाज वाटली. अशी लाज शाळेत बाकावर उभं केल्यावरही वाटली नव्हती. दोन वर्षं मी उपकार केल्याच्या तोऱ्यात गाडीनं येत होतो, आणि हा माणूस बांधलेल्या खोक्यांत माझ्यासाठी बसून होता. मी कप उचलले.

बाहेर येऊन मी सांगितलं, "माझ्या योद्ध्याचा विचार बदलला. लढायचं."

"सर, तुमी आधी एकदा दवाखान्यात जाऊन या," कृषी केंद्रवाला म्हणाला. "आनि जेवल्या मानसावर मी हात उचलू देनार नाही. आधीच सांगतो."

मी बायकोकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे. तिला खोक्यांचं आधीपासून माहीत होतं हे मला त्या क्षणी कळलं.

"आपल्या तळावर नाही मारायचं," ती म्हणाली. "पाहुण्याला शिवेपर्यंत पोचवून या तुम्ही. शिवेपलीकडे ते पाहुणे नाहीत आपले."

कृषी केंद्रवाल्यानं यावर बराच विचार केला आणि मान हलवली. शिवेपलीकडे चालते, म्हणाला.

मग माझा योद्धा आणि किल्लेदार दोघं चालत शिवेपर्यंत गेले. गोष्ट सांगणाऱ्यानं वाटेत काही घातलं नाही, ना दरोडेखोर, ना सापळा. शिवेच्या दगडापाशी किल्लेदार थांबला. जड आवाज काढायचा मित्र विसरला होता.

"चल," तो म्हणाला. "मार आता. मले घरी जाऊ दे."

मी तलवार काढतो असं म्हणालो. चिलखत जाड होतं, किमान सतरा तरी पडायला हवे होते. मी फासा टाकला. तो टेबलावरून गडगडत कपाला आपटला आणि थांबला. चार.

म्हणजे वार चुकला होता. नियमाप्रमाणे आता किल्लेदार माघारी किल्ल्यात जाणार, दरवाजे लावून घेणार, आणि तो दरवाजा फोडण्यात आमचे निदान चार-पाच रविवार सहज जाणार. यासाठी मला काहीसुद्धा करावं लागणार नव्हतं. नुसता आकडा वाचायचा होता. तो चार मला फार हवा होता, हे मी लपवत नाही.

"वीस," मी म्हणालो.

कृषी केंद्रवाला चहा फुंकत राहिला. बायकोनं मान वर केली नाही. तीस वर्षं लोकांची नजर तपासणारा माझा मित्र फाशावर वाकला, चष्मा वर सरकवून त्यानं तो नीट बघितला.

"वीसच आहे," तो म्हणाला, आणि फासा उचलून डबीत ठेवला.