न दिसणारा सांधा

लग्न होऊन नाशिकच्या तांबट आळीत आले तेव्हा पहिले काही दिवस मला वाटायचं, ह्या घरातली माणसं आपल्यावर कायम रागावलेली आहेत. साधं मीठ मागायचं तरी ओरडून. मग कळलं की राग वगैरे काही नाही, कुणाला धड ऐकूच येत नाही. दिवसभर तांब्यापितळेची भांडी ठोकून आळीतल्या पुरुषांचे कान म्हातारपणाच्या कितीतरी आधी जायचे. माझे सासरे, मामंजी, ठार बहिरे होते. त्यांच्या शेजारी बसून हे, म्हणजे माझे यजमान, हंडे-घंगाळी ठोकायचे.

ह्यांचे कान तेव्हा शाबूत होते, पण हातोडी खाली ठेवल्यावरही कानात कुणीतरी ठोकत बसलंय असं वाटतं, म्हणायचे. माहेरी मला बडबडी म्हणून नावं ठेवायचे. ह्यांना मात्र माझी बडबड फार आवडायची. मी वाढता वाढता आळीची बित्तंबातमी सांगायची, कोण कुणाशी भांडलं, कुणाच्या सुनेनं दूध उतू घातलं, आणि हे घास हातात धरून हसत राहायचे. एकदा एकदम म्हणाले, "तुझं बोलणं ऐकू येतंय तोवर ही हातोडी सोडायचीय मला."

"सोडा की," मी म्हटलं. "मग खाल काय? माझं बोलणं?"

मी थट्टेवारी नेलं, पण ते हसले नाहीत. त्या दिवसापासून मलाही भीती वाटू लागली.

ही एकोणीसशे तीसनंतरची वर्षं. बाजारात जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, हलकी, स्वस्त भांडी आली होती आणि तांब्याचा हंडा लोक आता फक्त लग्नात घ्यायचे. आग्रा रोडवर मोटारी दुरुस्त करण्याचं एक वर्कशॉप निघालं होतं. हे तिथे जाऊन कार्बाइडच्या ग्यासवर लोखंड झाळायला, म्हणजे वितळवून जोडायला, शिकले. आगीची जाण हातात होतीच, त्यामुळे फार दिवस लागले नाहीत. पण मोटारी होत्या किती त्या वेळी! अधूनमधून बोलावणं यायचं, एरवी पुन्हा हातोडी. ज्या दिवशी झाळकामाला जायचे त्या दिवशी घरी येताना चेहरा वेगळा असायचा. त्या ज्योतीचा आवाज नुसता फुसफुस येतो, चूल फुंकल्यागत, असं सांगायचे.

अशात एका हिवाळ्यात ओझरच्या अलीकडे हरभऱ्याच्या शेतात एक विमान उतरलं. उतरलं कसलं, पडता पडता वाचलं. अर्धं नाशिक बघायला लोटलं, मीही आळीतल्या बायकांबरोबर बैलगाडीतून गेले. कुणी त्याला हळदकुंकू वाहत होतं, आणि शेतकरी बिचारा तुडवलेल्या हरभऱ्याकडे बघत शिव्या घालत होता. दुसऱ्या दिवशी मुंबईहून त्याचा मेकॅनिक आला. विमानावर ताणलेलं कापड फाडलं तर आत सगळा बारीक पोलादी नळ्यांचा सांगाडा. शेपटाकडचा एक आधार निखळला होता. वर्कशॉपमधून ग्यासची टाकी मागवली, तिच्याबरोबर हे गेले. मेकॅनिकनं आधी एका तुकड्यावर ह्यांचा हात बघितला आणि मग तो आधार ह्यांनाच झाळायला दिला. सांधा निवल्यावर हे त्यावर कानस फिरवायला निघाले तर तो म्हणाला, राहू दे, वेळ नाही, आणि वरून रंग फासून मोकळा झाला. ह्यांना ते अर्धवट काम वाटलं. घरी आल्यावरही चुकचुकत होते.

जाताना तो मेकॅनिक सांगून गेला, मुंबईच्या विमानतळावर नळ्या झाळणारा चांगला माणूस मिळत नाही, बाहेरून आणावा लागतो. तिथला साहेब परीक्षा घेतो. येऊन बघा.

मामंजींना हे सांगायचं म्हणजे आळीला सांगण्यासारखंच. ह्यांनी कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं. मामंजी म्हणाले, "इमानाला तांबट कशाला लागतो रे?" दोन दिवस नुसते ठोकत राहिले. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले, "जायाचं तर नीट शिकून जा. आळीचं नाव घालवू नको."

मग बापलेकांनी जे मांडलं ते बघण्यासारखं होतं. भंगारातून मोडक्या सायकलींच्या नळ्या आणल्या. हे वर्कशॉपमध्ये त्या झाळायचे आणि घरी आणून मामंजींपुढे ठेवायचे. मामंजी डोळे मिटून नळीवरून अंगठा फिरवायचे. कुठे जरा उंचवटा लागला की नळी परत. "सांधा दिसता कामा नाय. बोटालापण लागता कामा नाय." उभा जन्म त्यांनी हेच केलं होतं. दोन पत्रे जोडलेत हे ज्याच्या घंगाळाकडे बघून कळतं तो तांबट त्यांच्या लेखी रद्दड. हे घासत बसायचे, आधी जाड कानस, मग बारीक, मग वाळू आणि फडकं. अखेर एक दिवस मामंजींचा अंगठा ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठेही न अडखळता गेला. त्यांनी डोळे उघडले, हसले आणि म्हणाले, "जा आता."

मी तर मनातल्या मनात मुंबईला बिऱ्हाडच थाटलं. एक खोली, शेजारी ठोकाठोक नाही, हळू आवाजात बोललं तरी चालेल असं घर. पाणवठ्यावर मी इतकी फुशारकी मारली की बायका मला विमानवाली म्हणायला लागल्या.

हे मुंबईला गेले, आणि दोनच दिवसांनी दुपारी मी गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, धुणं धूत होते तेव्हा समोर येऊन उभे राहिले. हातात गाठोडं, स्टेशनवरून थेट आलेले. चारचौघांत नवऱ्यानं बायकोशी बोलायला नदीवर यायचं, असं आमच्यात नव्हतं. बाजूच्या बायका जरा सरकल्या. हे पायरीवर बसले आणि पाण्याकडे बघत सांगायला लागले.

साहेबानं दोन नळ्या देऊन त्या झाळायला सांगितलं. हे म्हणाले, आजवर इतका चांगला सांधा बसला नव्हता. साहेब दुसऱ्याशी बोलायला गेला तेवढ्यात ह्यांनी गाठोड्यातून कानस काढली. साहेब परत आला तेव्हा सांधा कुठे आहे तेच त्याला दिसेना. हे उभे, आता शाबासकी मिळणार म्हणून.

साहेबानं नळी बाजूला टाकून दिली. त्या मेकॅनिकनं मग खाली मान घालून समजावलं. विमानाच्या सांध्याला कानस लावायची नसते. झाळलेल्या जागी जी वळी उठते ती जशीच्या तशी दिसली पाहिजे, कारण तिच्यावरूनच कळतं की आत धातू नीट भिनलाय की नाही. घासली की सांधा पातळ होतो आणि खाली भेग असली तरी झाकली जाते. साहेबाचं म्हणणं, ज्यानं सांधा लपवला त्याच्या कामावर मी माणसं आकाशात कशी पाठवू? ह्यांनी पुन्हा एकदा करू द्या म्हणून हात जोडले. पण साहेब म्हणाला, ही हाताची सवय आहे, माझी पाठ वळली की पुन्हा घासशील.

"मी लपवलं म्हणाला गं," हे म्हणाले. "मी काय लबाडी केली?"

मला त्या साहेबाचा राग आला. ह्यांचा आला, विचारायला तोंड नव्हतं का म्हणून. आणि सगळ्यात जास्त राग मामंजींचा आला. त्यांच्या त्या अंगठ्यानं आमचं सगळं घालवलं होतं. मी धुणं तसंच पिळून बादलीत कोंबलं आणि म्हटलं, "आता घरी जाऊन सांगते मामंजींना, कुणापायी हे झालं ते."

"नाही," हे म्हणाले. "त्यांना हे कळता कामा नये. तुला माझी शपथ आहे."

घरी मामंजी दारातच बसले होते. त्यांनी ह्यांचा चेहरा बघितला आणि काय ते समजले. "का रे? काय कमी पडलं?"

ह्यांनी गाठोडं खाली ठेवलं आणि कानाशी तोंड नेलं. मामंजींनीच विचारलं, "सांधा नीट घासला नसशील?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मग सगळ्या आळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "नाही घासला, बाबा! चुकलं!"

मामंजींनी कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ह्यांना पुढ्यात बसवलं आणि कानस कशी धरायची ते पहिल्यापासून शिकवायला घेतलं. एवढा बाप्या माणूस, मुकाट्यानं शिकत बसला. मी आत पदर तोंडात कोंबून रडले.

वर्कशॉपही वर्षभरात बंद पडलं. हे हातोडीवर बसले ते बसलेच. मी बोलायची, पण हळूहळू हे दोन-दोनदा विचारायला लागले, मग हसून मान डोलवायला लागले, आणि भलत्याच ठिकाणी हसले की मला कळायचं. मग मीही बातम्या सांगायच्या सोडल्या. कामापुरतं बोलायचं, तेही ओरडून.

मामंजी गेले, त्यांच्या तेराव्यानंतर हे भिंतीला टेकून एकटेच बसले होते. शपथ आता सुटली होती. मला फार वाटलं, ह्यांच्याजवळ बसून एकदा म्हणावं, तुमचा हात चांगला होता, तुम्ही लबाडी केली नव्हती, आणि बापासाठी जे केलंत ते मी कधी विसरले नाही. मी जवळ गेले आणि बोललेही.

ह्यांनी कान पुढे केला. "काय?"

ओसरीवर पाहुणे होते, शेजारची माणसं होती. ते काही ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. मी हातानंच, जेवायला चला, अशी खूण केली.