दगडाखालच्या शहरातले सोपानतात्या

परदेशात राहून आलेल्या माणसाला किस्से गोचिडासारखे चिकटतात. एक उपटावा तर दुसरा सापडतो! वडवणीच्या बाजारात चहाला बसलो की मंडळी म्हणतात, "आफ्रिकेतलं सांगा!" सांगतो. हसू येईल तिथं हसून घ्या, पुढं फारसं नाही.

नायजेरियातल्या अबेओकुटा शहरात, एका कापड गिरणीत मी फिटर होतो. स्पिनिंग मास्टर आमच्या नांदूरघाटचे सोपानतात्या. पहिल्याच दिवशी तिथल्या फोरमननं हात पुढं करून आपलं नाव सांगितलं, "वाले."

तात्या म्हणाले, "कुठलेवाले?"

तो बिचारा पुन्हा, "वाले!"

तात्या माझ्याकडं वळले. "नुसतेच वाले? अर्धं आडनाव इमानतळावर राह्यलं काय ह्याचं?"

*

शहरात भलामोठा खडक आहे. वाले सांगायचा, जुन्या लढायांत गावं जळाली, लोक जीव घेऊन पळाले आणि या खडकाच्या आडोशाला राहिले. शहराच्या नावाचा अर्थच 'दगडाखाली'.

तात्यांनी मान वर करून खडक बघितला. "पळून आलेल्यांचं गाव हाय म्हन की! मंग आपल्याला कोन हाकलतंय?"

*

वालेची आई निळीनं कापड रंगवायची. कोंबडीच्या पिसानं खळीची नक्षी काढायची, मग कापड रंगात बुडवायची. खळीची जागा फिकी राहायची. तिचे हात मात्र कोपरापर्यंत कायमचे निळे! एकेकाळी तिथल्या गल्ल्याच्या गल्ल्या या धंद्यावर जगल्या. मग बाहेरदेशातून छापील कापडाचे गठ्ठे आले. नक्षी हिचीच, भाव निम्मा.

एकदा एका गिऱ्हाइकानं तिचं कापड उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणालं, "आजी, ओरिजिनल त्या समोरच्या दुकानात मिळतं. ही कॉपी दिसते!"

म्हातारी हसली म्हणे. हे सांगताना वाले काही हसला नाही.

*

त्याच गठ्ठ्यांनी आमची गिरणीही खाल्ली. वीज दिवसदिवस नसायची, जनरेटरचं डिझेल परवडेना. मशिनं भंगारात निघाली. ट्रक दारात उभा, आणि तात्या तेलाची चिंधी घेऊन मशीन पुसत बसलेले.

"तात्या, वितळवायला चाललंय ते!"

"म्हनून काय मळकं धाडू बे?"

*

परतीचं तिकीट निघालं आणि त्याच आठवड्यात तात्यांना ताप भरला. मलेरिया मेंदूपर्यंत गेला. दवाखान्यातून ते उठलेच नाहीत. गिरणीचा मालक आधीच देश सोडून गेलेला. शवागारातल्या माणसानं अंगावर टाकायला कापड मागितलं, तर माझ्याकडं धड चादरसुद्धा नव्हती.

वालेला कळवलं. तो आईला घेऊन आला. तिनं पिशवीतून गडद निळं कापड काढलं आणि तात्यांना नीट गुंडाळलं, डोक्यापासून पायापर्यंत. वाले हळूच मला म्हणाला, "हे तिनं स्वतःच्या मरणासाठी रंगवून ठेवलं होतं."

नांदूरघाटला अंगणात तात्यांची शवपेटी उघडली. काकूंनी, म्हणजे तात्यांच्या बायकोनं, त्या कापडावरून हात फिरवला. "कुनाचं हाय हे?"

मी सगळं सांगितलं.

काकू रडायच्या थांबल्या. "मंग आता त्या बाईच्या अंगावर काय टाकतील?"

काकू उठल्या, आत गेल्या. ट्रंकेचं झाकण वाजलं. बाहेर आल्या त्या लग्नातला शालू घेऊन. तो माझ्या हातात देत म्हणाल्या,

"एवढं पोचतं कर."