शेवटचा माणूस रेघ ओलांडेपर्यंत

आमच्या कुटुंब धावेला दोन वर्षं होऊन गेली. धाव एका सकाळीत संपली, पण तिच्या गोष्टी अजून गोळा होतायत. मी पिंपळवंडीत मोटार रिवायंडिंगच्या दुकानात कामाला आहे. जळालेल्या मोटारीत नवी तार भरून होईपर्यंत गिऱ्हाईक स्टुलावर बसतं, आणि कुणी ना कुणी विचारतंच, "दत्ता, त्या दिवशी आमच्या मागं काय झालं रं?" मी फारसा बोलत नाही. पण धावेत सगळ्यांच्या मागं चालायचं काम माझ्याकडं होतं, त्यामुळं बऱ्याच गोष्टी माझ्याजवळ आल्या.

त्या सांगण्याआधी घरचं थोडं सांगतो. मी नववीत असताना वडील गेले आणि माझी शाळा सुटली. घरात आई आणि मी. धावेच्या आदल्या थंडीत आई संध्याकाळी कालव्याच्या कडेला म्हशीसाठी गवत कापत होती, तेव्हा बिबट्यानं तिचा खांदा धरला. उसातल्या बायकांनी आरडाओरड केली म्हणून सुटली. खांदा भरून आला. पण त्या रस्त्यावर तिनं परत पाय ठेवला नाही. आमचं रान त्याच रस्त्याला आहे. ती हायवेनं वळसा घालून जायची, दुप्पट चालून. मी एकदाच म्हणालो, मी सोबत येतो. ती म्हणाली, "तुला काम न्हाई का?" तो विषय तिथंच संपला.

त्यानंतर कालव्याच्या रस्त्यानं बाकीच्यांचंही जाणं कमी झालं. माणसं परत त्या रस्त्याला लागावीत म्हणून धाव तिथूनच न्यायची, असं सरांनी ठरवलं. सर म्हणजे आमचे खेळाचे निवृत्त शिक्षक. मी शाळा सोडली तेव्हा मला परत न्यायला तीनदा घरी आले होते. मला त्यांना नाही म्हणता येत नाही.

*

पहिली मीटिंग शेठच्या दुकानात झाली. शेठ जैन; आजोबा राजस्थानातून आले, शेठ इथलेच. कापडाचं दुकान आहे. सरांनी कागद काढला आणि वाचलं, की शहरातल्या शर्यती पहाटे साडेपाचला सुटतात, ऊन लागत नाही, आपणही तसंच करू.

शेठनी कापडाची घडी घातली, फळीवर ठेवली आणि म्हणाले, "सर, साडेपाचला त्या रस्त्यावर जो पळतो, त्याच्याशी आपली शर्यत नको."

वेळ सकाळी साडेसातची ठरली.

*

नियम एकच होता. घरातली सगळी माणसं एकत्र पळणार, आणि घराची वेळ शेवटचा माणूस रेघ ओलांडेल तेव्हा धरायची. साधा नियम वाटला होता. नावनोंदणीला पहिल्याच दिवशी भांडण झालं.

एक मावशी आल्या. त्यांची मुलगी बोरी बुद्रुकला दिलेली. तिचं नाव त्यांना आपल्या घरात लिहायचं होतं. सर म्हणाले, ती आता सासरच्या घराची. मावशींनी वाद घातला नाही. शांतपणे म्हणाल्या, "मंग सर, तिला दोन नंबर द्या. एक पोटावर लावंल, एक पाठीवर."

सरांनी पेन खाली ठेवलं. मग परत उचललं आणि नवा नियम लिहिला. ज्या माणसासाठी तुम्ही जेवायचे थांबता, ते तुमच्या घरचं.

मागं बसलेले शेठ म्हणाले, "मग आमच्या घरात मी एकटाच, सर. दिवस मावळायच्या आत जेवायचं असतं. आमी कुणासाठी थांबत न्हाई."

त्याच संध्याकाळी, सगळे गेल्यावर, मी वहीत दोन नावं लिहिली. आईचं आणि माझं. आईला विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिचा नंबराचा कागद देवळीत ठेवून कामाला गेलो. आल्यावर बघितलं तर नंबर तिथंच होता, फक्त त्यावर काडेपेटी ठेवली होती, उडू नये म्हणून.

*

आदल्या दिवशी मी शाळेच्या फाटकात फक्कीची पांढरी रेघ मारली. सुटायची आणि पोचायची रेघ एकच, कारण रस्ता कालव्यानं जाऊन फिरून शाळेशीच येत होता. सकाळी जाऊन बघतो तर रेघेवर पंजा उमटलेला. एक रेघेच्या अलीकडं, एक बरोबर रेघेवर.

मी सरांना दाखवला. मला वाटलं, सर झाडूनं पुसायला सांगतील. त्यांनी आधी वनखात्याच्या माणसांना बोलावलं. ती माणसं ओढ्यापर्यंत माग काढून आली आणि रस्त्यावर जागोजागी उभी राहिली. मग सरांनी माईक घेतला. शंभरेक माणसं जमली होती. सर म्हणाले, रात्री इथून बिबट्या गेला आहे, ज्यांना परत जायचं असेल त्यांनी जावं, कुणी नावं ठेवणार नाही.

मग मागून एका आजोबांनी विचारलं, "कोणीकडं गेला म्हणायचा?"

"ओढ्याकडं. आपल्या रस्त्याच्या उलट."

"मंग चुकीच्या वाटंनं गेला," आजोबा म्हणाले. "बाद करा त्याला."

माणसं हसली आणि कुणीच गेलं नाही. मी हसलो नाही. आमचं घर शाळेच्या मागं आहे आणि माईकचा आवाज घरात जातो. आता आई येणार नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

*

आमच्याकडं रानातून जाताना माणसं मोबाईलवर गाणी मोठ्यानं लावतात. जनावराला माणसाची चाहूल लागावी म्हणून. त्या दिवशीही प्रत्येकानं लावली होती. कुणाची भजनं, कुणाची लग्नातली, एकाच्या मोबाईलवर टोमॅटोचे बाजारभाव. सरांनी शिट्टी मारली. कुणाला ऐकू गेली नाही. परत मारली. सर लाल झाले.

शेवटी मागं पाण्याचे जार घेऊन टेम्पो उभा होता, त्याच्या ड्रायव्हरला सरांनी हात केला. त्यानं जोरात हॉर्न दिला. आणि सगळी घरं, पोराबाळांसकट, रस्त्याच्या कडेला सरकून टेम्पोला वाट देऊन उभी राहिली.

ड्रायव्हर म्हणाला, "सर, आता मीच पळू का?"

*

हा किस्सा मी बघितलेला नाही. शेठनी सांगितला.

अर्ध्या रस्त्यावर पाण्याचं टेबल होतं आणि तिथं शेठ उभे होते. त्या थंडीत सूर्य सातनंतर उगवत होता, आणि उगवल्यावर अठ्ठेचाळीस मिनिटं होईपर्यंत ते पाणीही घेत नाहीत. त्यांच्या धर्माचा नेम. तरी सकाळपासून जार उचलून दमलेले. बेल्ह्याच्या बाजारात बैलांचा व्यापार करणारं एक घर आलं, सहा माणसं. घरधन्यानं ग्लास घेतला आणि शेठच्या पुढं धरला, "आदी तुमी घ्या."

शेठनी घड्याळ दाखवलं. नऊ मिनिटं बाकी होती.

त्यानं ग्लास टेबलावर ठेवला. बायकोनं ठेवला. पोरांनीही ठेवले. शेठ म्हणाले, अरे, तुमची शर्यत चालू आहे, नंबर जाईल. तो तिथंच दगडावर बसला आणि म्हणाला, "नंबर बाजारात रोजच लागतो, शेठ. उभ्या माणसाच्या पुढं पाणी पिऊन कसं पळायचं?"

नऊ मिनिटांनी सातही जणांनी पाणी घेतलं. त्या घराचा शेवटून दुसरा नंबर आला.

*

शेवटचा नंबर आमचा.

सगळे सुटले आणि मी मागं चालायला लागलो, तर फाटकाजवळ आई उभी होती. नंबर पदरावर टाचलेला, उलटा. आम्ही चालायला लागलो. पुढची माणसं उसाच्या वळणाआड गेली, गाणीही लांब गेली.

कालव्याच्या त्या जागेशी आली तशी ती थांबली. वर्षभरात तिथं कुणी हात लावला नव्हता, गवत कमरेइतकं वाढलेलं. तिचा हात आपोआप खांद्यावर गेला. मी म्हणालो, "आई, परत जाऊ. काय न्हाई व्हत."

तिनं माझ्याकडं बघितलंच नाही. पदराखालून विळा काढला आणि म्हणाली, "तू उसाकडं तोंड करून उबा ऱ्हा. हलू नको."

मी तिच्याकडं पाठ करून उसाकडं बघत उभा राहिलो. मागं गवत कापल्याचा आवाज येत होता. आधी थांबत थांबत, मग सलग. वनखात्याचा एक माणूस लांबून आमच्याकडं बघत होता. तो जवळ आला नाही.

आम्ही शाळेशी आलो तेव्हा बक्षिसं वाटून झाली होती. पण कुणी उठलं नव्हतं, कारण सरांनी घड्याळ बंद केलं नव्हतं. आईच्या डोक्यावर भारा होता, तिचं तोंडही नीट दिसत नव्हतं. सर घड्याळ हातात घेऊन पुढं आले. म्हणाले, "ताई, अहो, ही धाव होती."

"म्हाईत हाय, सर. पण त्या रस्त्यानं मी मोकळ्या हातानं कधी आलेली न्हाई."

सरांनी भारा उतरवायला दोन्ही हात पुढं केले.

"ऱ्हाऊ द्या," आई म्हणाली. "म्हैस घरी हाय." आणि रेघ ओलांडून ती तशीच पुढं चालत गेली.