ओळंब्याची तीनचाकी

कारखान्यात त्याला सगळे ओळंबा म्हणत. मोटारसायकलवर तो इतका ताठ बसायचा की गवंड्याने त्याच्या पाठीवरून भिंत सरळ करून घ्यावी. अठ्ठावीस वर्षं त्याने लेथ चालवला आणि अठ्ठावीस वर्षं कामावर स्वतःच्या गाडीने गेला. कुणाच्या मागे बसणं त्याला कमीपणाचं वाटायचं. स्वतःच्या लग्नालाही गडी स्वतःच गाडी चालवत पोचला होता, धुळीने माखून. वऱ्हाडी मंडळींनी कपाळाला हात लावला.

मग एक ताप आला आणि जाताना त्याच्या कानाच्या आतलं काहीतरी घेऊन गेला. ऐकू नीट येत होतं, पण तोल गेला. डॉक्टरांनी सांगितलं, भिंतीचा आधार घेऊन चालता येईल, दुचाकी मात्र आता विसरा. मालक भला होता. लेथसमोर उंच स्टूल टाकून दिलं, बसून काम करा म्हणाला. प्रश्न होता तो तिथवर पोचण्याचा. मेव्हण्याचा टेम्पो होता. दाजींना रोज सोडतो, असं तो मनापासून म्हणाला. ओळंब्याने साफ नकार दिला. सामान उतरवतात तसं मला रोज कुणी दारात उतरवायचं नाही, असं तो बायकोला म्हणाला, आणि म्हणताना त्याचा आवाज चिरकला. तिने त्याला पहिल्यांदाच असं पाहिलं.

चार दिवसांनी पुढच्या खोलीतला पलंग बाहेर निघाला आणि मोटारसायकल आत आली. दोन चाकांवर तोल जातो ना, मग तीन लावू, असा त्याचा सरळ हिशेब. मेव्हण्याने भंगारातून एका मालवाहू गाडीचा मागचा एक्सल आणून दिला. शेजारच्यांना वाटलं, गाडी तयार होईल आणि दारातून बाहेर निघणारच नाही, मजा येईल. पण ओळंब्याने सगळ्यात आधी दार मोजलं होतं. दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं मोकळी राहतील एवढाच एक्सल त्याने कापून घेतला.

अडचण वेगळीच निघाली. मान खाली घातली की त्याला खोली गरगर फिरताना दिसायची. जमिनीलगतचं काम त्याला करताच येईना. मग बायको शिलाईचं मशीन झाकून गाडीखाली आडवी व्हायची. तो खुर्चीत बसून सांगायचा, ती पाना फिरवायची. आधी चुकायची, बोलणी खायची. तो खेकसायचा, तीही खालून सुनवायची, की एवढी घाई असेल तर या खाली. वेल्डिंग तेवढं तो करायचा, चौकट टेबलावर चढवून, कंबर खिडकीच्या गजांना बांधून घेऊन. पाणसळ ती लावायची. बुडबुडा मधोमध आलाय का, एवढंच तो विचारायचा आणि तिच्या शब्दावर ठिणगी पाडायचा. असे आठ महिने गेले; तोवर घर तिच्या शिलाईवर चाललं आणि मालकाने ते स्टूल त्याच्यासाठी राखून ठेवलं. शेवटी सीटचं कव्हर तिनेच शिवलं.

बंद गोदामाच्या पटांगणात त्यांनी गाडी नेली. ओळंबा बसला, ताठ, पूर्वीसारखा. गाडी सरळ रेषेत इतकी छान गेली की मेव्हण्याने शिट्टी मारली. पुढे वळण आलं. डावीकडे वळायचं होतं. गाडी उजवीकडे गेली आणि वाळूच्या ढिगात घुसली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी भिंत जेमतेम हातभर राहिली.

चूक गाडीची नव्हती. वेगात असलेली दुचाकी वळवताना हात हँडल किंचित उलट्या बाजूला ढकलतात, मग गाडी कलते आणि वळते. चालवणाऱ्याला ते कळतही नाही. हातांना ठाऊक असतं. तीनचाकी कलत नाही. हँडल जिकडे ढकलाल तिकडेच ती जाते. लेथवर केसाएवढा फरक ओळखणाऱ्या या माणसाला आठ महिन्यांत ही साधी गोष्ट सुचली नव्हती. सुचणार कशी? आयुष्यभर दुचाकीशिवाय दुसऱ्या कशावर तो बसलाच नव्हता.

"होईल सवय," बायको म्हणाली. "दोन महिने रोज येऊ."

त्याने हँडलवरचे हात उचलून पाहिले. "इथे होईल गं. पण रस्त्यात कुणी अचानक आडवं आलं, तर हात मला विचारायला थांबणार नाहीत. जुनंच करतील."

मेव्हणा म्हणाला, मी चालवतो. टेम्पो चालवत असलास तरी असं हँडल धरलं की तुझेही हात दुचाकीवाल्याचेच, असं म्हणून ओळंब्याने त्याला गप्प केलं. मग आधार घेत खाली उतरला आणि बायकोकडे वळला.

"तू बस."

"मला साधी सायकल येत नाही."

"म्हणूनच."

खरं सांगायचं तर लग्नानंतर तिने एकदा म्हटलं होतं, मला शिकवा. त्याने ते हसण्यावारी नेलं होतं. आता ती बसली, घाबरत, दात आवळून, आणि पाव तासात वळणं घेऊ लागली. तिच्या हातांना विसरायचं असं काही नव्हतंच. ओळंबा ढिगाला टेकून पाहत होता. त्याला आनंद झाला नाही, हे त्याने स्वतःपासून लपवलं नाही.

पुढे परवान्याच्या कचेरीत खेटे घालण्यात दोन महिने गेले. एका सोमवारी सकाळी तो डबा घेऊन तिच्या मागे बसला. हात कुठे ठेवायचे ते त्याला कळेना; आधी डब्यावर, मग मांडीवर, आणि पहिल्याच खड्ड्याला तिच्या खांद्यावर. कोपऱ्यावरच उतरव, फाटकापर्यंत नको, असं त्याने घरी बजावलं होतं. कोपरा आला, तिने वेग कमी केला. फाटकात पाळी बदलत होती, सगळे ओळखीचे उभे होते. तिथून फाटक दीडशे पावलं, आणि हाताशी भिंत नाही.

"चल पुढे," तो म्हणाला.

फाटकात तो उतरला. लोक गाडीभोवती गोळा झाले, कुणी चाक पाहिलं, कुणी जोड. पाहा, असं ओळंबा त्यांना म्हणाला, पण त्याचं लक्ष तिच्याकडे होतं. तिने गाडी वळवली, गियर टाकला आणि निघाली. आवाजावरून त्याला कळलं, दुसरा गियर अगदी वेळेवर पडला होता. तो खांबाला धरून उभा राहिला, ती दिसेनाशी होईपर्यंत. तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. गाडी चालवताना मागे पाहायचं नाही, हे त्यानेच तिला शिकवलं होतं.