काखेतल्या अठरा गाठी

ऑपरेशन थिएटरमधले किस्से कुणी लिहून ठेवत नाही, ते चहाबरोबर साचत जातात. मी इथली जुनी सिस्टर, माझ्याकडे जरा जास्तच साचलेत. सांगायला बसले की आधी हसू येतं, मग गप्प व्हायला होतं.

आमच्या सर्जन मॅडमनी स्तनाच्या कॅन्सरसाठी नवी तपासणी सुरू केली. काखेत लसिकेच्या गाठी सगळ्यांनाच असतात, आजार आधी तिथे पसरतो. स्तनात निळा रंग टोचायचा, तो त्यातल्या ज्या गाठींत आधी पोहोचेल तेवढ्याच काढायच्या आणि पेशंट टेबलावर असतानाच तपासायच्या. आजार नसेल तर बाकीच्या गाठी राहू द्यायच्या. पूर्वी सगळ्याच काढायचो. मग कुणाकुणाचा हात जन्मभर सुजायचा.

*

कोरीट गावच्या काकूंना मॅडम म्हणाल्या, "पद्धत आपल्याकडे नवीन आहे. करून बघतोय. चालेल?"

"नवं बियाणं आम्ही बी पयले एक वाफामा लाई देखतस. करा."

*

रंगामुळे लघवी हिरवी-निळी होते, हे काकूंना सांगायचं मी विसरले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाण्याला तोंड लावलं नाही. संध्याकाळी हळूच म्हणाल्या, "रंग तं आखा आंगमा पसरी गया, सिस्टर."

वॉर्ड हसला. मीही हसले. दिवसभर त्या मरणाची वाट बघत पडल्या होत्या, हे घरी गेल्यावर लक्षात आलं.

*

सातपुड्यातल्या एका बाईंची गाठ थिएटरमधल्या तपासणीत साफ निघाली. मी दारातच त्यांच्या सुनेला म्हणाले, "सांग त्यांना, मोकळ्या झाल्या."

आठवड्याने बारीक तपासणीचा रिपोर्ट आला. गाठीत आजाराचा ठिपका होता. तोवर कुटुंब ऊसतोडीला गुजरातेत गेलेलं, फोन बंद. होळीला परत आले तेव्हा सून एवढंच म्हणाली, "तुम्हीच मोकळ्या म्हणाला होतात."

पुढचे उपचार लांबले ते लांबलेच. आता मी म्हणते, "आज दिसलं नाही." मोकळ्या हा शब्द मी सोडला.

*

कळसाडीच्या ताईंचं ऑपरेशन ही तपासणी येण्याआधीचं. डावा हात सुजून जड झालेला. यंदा त्यांच्या धाकट्या बहिणीचं ऑपरेशन झालं, त्या सोबतीला आल्या.

"तिन्या कितल्या गाठी काढ्यात?"

"दोनच. दोन्ही साफ."

"मन्ह्या?"

बहिणीच्या वेळी घरातला आजार बघायला काढलेली त्यांची जुनी फाइल माझ्या हातातच होती. "अठरा."

"त्यामा आजारन्या कितल्या?"

खोटं बोलता आलं असतं. "एकही नाही, ताई."

त्यांनी उजव्या हाताने डावा हात उचलून मांडीवर नीट ठेवला. बहिणीच्या कॉटकडे बघितलं.

"तिले सांगू नका," त्या म्हणाल्या. "रोज ती मन्हा हात चोळी देस."