दोन हातांचं श्वय्य

आमच्या साल्ट गावात उम्म वदीअला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही, आणि तिने ज्याला थांबवलं नाही असाही. सरकारी दवाखान्यात लसीच्या खोलीच्या दारावर ती एकतीस वर्षं बसली. काम एकच. उजव्या हाताची पाचही बोटं टोकाशी जुळवायची, वर धरायची आणि हळूच हलवायची. श्वय्य. आमच्या अरबीत म्हणजे जरा थांब. ही खूण आमच्याकडे सगळेच करतात, पण तिची खूण बघून पोलीस चौकीचा साहेबसुद्धा एकदा गुपचूप बाकावर जाऊन बसला होता.

ती निवृत्त झाली तेव्हा मला वाटलं, आता हिचा हात रिकामा राहणार. पण ज्याची ती उम्म, म्हणजे आई, तो मुलगा वदीअ नोकरीला दूर अकाबा बंदरात, सून रुबा इथल्या बँकेत, आणि घरात सहा महिन्यांची जूद. नात आपोआप आजीच्या मांडीवर आली. मी खालच्या मजल्यावर राहते आणि भिंती पातळ आहेत, त्यामुळे चोंबडेपणा करायची मला गरजच पडली नाही.

रुबा शिकलेली. फोनवरच्या कुणा अमेरिकन बाईंनी तिला पटवून दिलं की मूल तोंडाच्या आधी हातांनी बोलतं, फक्त शिकवावं लागतं.

"खालती, मी जूदला खुणा शिकवतेय," ती सासूला म्हणाली. खालती म्हणजे मावशी; आमच्याकडे सुना सासूला अशीच हाक मारतात.

"खुणा? या गावातल्या सगळ्यांचे हात बांधले तर निम्मं गाव मुकं होईल, आणि तू खुणा अमेरिकेहून मागवतेस?"

"त्या वेगळ्या असतात."

"मग असू देत तिकडेच."

रुबाने चित्रांचा तक्ता फ्रिजवर चिकटवला. दुसऱ्या दिवशी उम्म वदीअने त्यावर नमाजाच्या वेळांचं कॅलेंडर लटकवलं. त्यानंतर या विषयावर दोघींनी तोंड उघडलं नाही. समंजस घर.

जूद मात्र शिकली. वर्षाची झाली आणि एका दुपारी जेवता जेवता तिने दोन्ही हातांची बोटं जुळवली आणि टोकाला टोक लावून टकटक केलं. उम्म वदीअ तिला कडेवर घेऊन धापा टाकत खाली आली.

"अफाफ, बघ, बघ. कुणी शिकवलं नाही हिला. श्वय्य म्हणते. तेही दोन्ही हातांनी. मला एकतीस वर्षांत दुसरा हात लागला नव्हता."

तेव्हापासून जूदने टकटक केली की आजी वाटी बाजूला ठेवायची. पोर रडली की म्हणायची, "स्वतःच थांब म्हणते आणि वर गळा काढते. बापावर गेलीय."

अठरा महिने झाले तरी जूदच्या तोंडून एक शब्द फुटेना. रुबा चिडली. "तुम्ही तिच्याशी बोलतच नाही खालती, नुसते हात हलवता," ती म्हणाली. तक्ता कुणी आणला होता, हे मी गिळून टाकलं.

लसीची तारीख आली. दोघींच्या मध्ये बसायला म्हणून मला नेलं. दारावरच्या नव्या बाईने उम्म वदीअला पाऊण तास थांबवलं. "बोटं सैल आहेत हिची," म्हातारी पुटपुटली. आत नर्सने वजन केलं, मागचा आकडा बघितला आणि पुन्हा वजन केलं. पोरगी भरायच्या ऐवजी उतरली होती. सुई टोचल्यावर तिला एक बिस्किट दिलं. ते संपवून जूदने टकटक केली.

"बास म्हणतेय," आजी म्हणाली.

"आणखी मागतेय," आई म्हणाली.

दोघी एकाच वेळी बोलल्या आणि एकमेकींकडे वळल्या. नर्स माझ्याकडे बघायला लागली.

घरी आल्यावर रुबाने कॅलेंडर उचललं. तक्त्यावर दोन जुळलेले हात होते आणि खाली लिहिलं होतं, 'आणखी'. उम्म वदीअने चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

"सहा महिने," रुबा म्हणाली. "सहा महिने ती मागत होती आणि तुम्ही वाटी उचलत होता. रविवारपासून जूद पाळणाघरात जाईल."

सगळ्या गावाला ताब्यात ठेवणाऱ्या बाईने चष्मा काढून ठेवला. संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसली आणि रडली. "माझ्या हातानं पोर उपाशी राहिली, अफाफ. रुबा बरोबरच बोलते. पण ती गेली की मी दिवसभर करू काय?" मला दोघींचाही राग आला होता, पण त्याहून जास्त वाईट वाटलं. चहात मिरमिय्येची पानं टाकून दिली, दुसरं काय देणार?

रविवारी, म्हणजे आमच्या आठवड्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी, सकाळी त्यांचं पातेलं परत करायच्या निमित्ताने मी वर गेले. रुबा बूट घालून, जूदची पिशवी खांद्याला लावून दारात उभी होती. उम्म वदीअ नातीला दूधभात भरवत होती.

"खालती, उशीर होतोय. द्या तिला."

उम्म वदीअने वाटी खाली ठेवली, पोरीचं तोंड पुसलं, आणि माझ्या आठवणीत पहिल्यांदा, एका शब्दाने उलटून न बोलता उठायला लागली.

जूदने आईकडे बघितलं. उजवा हात वर केला, एकच. पाचही बोटं जुळवून हळूच हलवली, अगदी लसीच्या खोलीच्या दारावर हलवतात तशी. भरल्या तोंडाने म्हणाली, "वय्य."

मग आजीकडे वळली आणि दोन्ही हातांनी टकटक केली.

एका हाताने आईला थांब, दोन हातांनी आजीकडे आणखी. पोरीचा कधी घोटाळाच झाला नव्हता. तिला दोन्ही भाषा येत होत्या, या दोघींना एकेकच.

उम्म वदीअ खाली बसली. तिने पुन्हा चमचा भरला. रुबाने खांद्यावरची पिशवी उतरवली आणि दाराजवळच्या बाकावर जाऊन बसली, लसीच्या खोलीबाहेर इतकी वर्षं सगळं गाव बसायचं तशी.